अर्धी एरियल जमिनीवर

"ऐका," म्हणत कृष्णावहिनींनी हेडफोनची एक वाटी माझ्याकडे सरकवली. दुसरी त्यांच्या कानाला होती.

मी अजून पायातल्या वहाणाही काढल्या नव्हत्या. बेळगावहून अळणावर, अळणावरहून दांडेलीला लाकूड वाहणारी गाडी, तिथून कुळगीपर्यंत बैलगाडी. सगळा प्रवास अंगात अजून खडखडत होता. तरी कानात आलेला आवाज स्पष्ट होता. बारीक शिट्टीसारखा, तुटक तुटक. कुणीतरी फार लांबून हाक मारत होतं. मारायची, थांबायचं, पुन्हा मारायची.

"माझा धाकटा भाऊ, सदू. मोंबासाहून बोलतोय."

तो थांबला की वहिनी समोरची 'की', म्हणजे ठोके द्यायची कळ, दाबून उत्तर द्यायच्या. त्यांचं संपलं की पुन्हा तो. पण वहिनींचं बोलणं त्याच्या गावीही नव्हतं. शेवटी त्याने पाठवलं, अक्का, काही ऐकू येत नाही, असलीस तर पुढच्या रविवारी. शिट्टी बंद झाली. वहिनींनी हेडफोन लगेच काढला नाही. आवाज गेल्यावरची खरखर त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या.

"सबंध पावसाळा असाच गेला," त्यांचे यजमान गोविंदराव म्हणाले. "तो बोलतो, हिला ऐकू येतं. ही बोलते, त्याला नाही."

गोविंदराव कुळगीच्या लाकूड डेपोचे मॅनेजर. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या वर्षांतली ही गोष्ट. तेव्हा काही हौशी माणसं सरकारी परवाना काढून आपल्या घरातून वायरलेस पाठवायची. पैसे मिळत नसत, उलट जात. बोलणं सगळं मोर्समध्ये, म्हणजे 'कट्' आणि 'कड' अशा छोट्या-मोठ्या ठोक्यांत. परवाना गोविंदरावांच्या नावावर होता, पण त्यांचा हात कीवर पडला की सुतारपक्षी झाडावर बसल्यासारखं वाटे. वहिनींचे वडील रेल्वेत तारमास्तर होते. त्यांनी मुलगा आणि मुलगी दोघांनाही जेवणाच्या पाटावर बोटं वाजवून मोर्स शिकवलं होतं. त्यामुळे परवाना यजमानांचा आणि हात वहिनींचा, अशी त्या घराची वाटणी होती. खात्याने कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

मी बेळगावच्या एका रेडिओ दुकानात फिटर होतो. त्याआधी बरीच वर्षं तारखात्यात काढलेली. निघताना शेठ म्हणाले होते, "अर्थ खराब असणार. जा, करून ये, दिवाळीला घरी." अर्थ म्हणजे यंत्राचं जमिनीशी असलेलं नातं. यंत्रातून निघालेल्या एका तारेला जमिनीत पक्कं पुरायचं, एवढंच. तारखात्यात माझ्याइतके अर्थ कुणी पुरले नसतील. म्हणून मी ऐटीत होतो.

वहिनींनी मुद्दा सरळ सांगितला. सदू तिकडच्या रेल्वेत नोकरीला, आणि त्याची बदली होत होती. भाऊबीज झाली की तो रेल्वेच्या आतल्या भागातल्या एका स्टेशनवर जाणार. तिथे वीज नाही, म्हणून त्याचा सेट पेटीत बंद होणार. भाऊबीजेला दिवेलागणीच्या सुमारास तो शेवटची हाक मारेल. तेवढ्यात पोचलं तर पोचलं. पत्रं येत होती, पण बोटीने. एकाचा ताप दुसऱ्याला कळेपर्यंत पहिला बरा होऊन दुसऱ्यांदा आजारी पडलेला असायचा.

"आणि तो म्हणतो," वहिनी म्हणाल्या, "एरियलखाली जमिनीवर तारा पसरा. मागच्या दोन-तीन वेळा हेच सांगतोय. त्याला वाटतं मी ऐकत असेन."

मी हसलो. आज ते हसू आठवलं की मलाच मला चापट मारावीशी वाटते. "वहिनी, तारा खांबावर असतात," मी म्हणालो. "जमिनीवर पडलेल्या तारेला आमच्या खात्यात तक्रार म्हणतात."

वहिनींनी हेडफोन गुंडाळून ठेवला. गोविंदराव मात्र हसले. गिऱ्हाईक हसलं की फिटरला वाटतं आपलं बरोबर आहे.

एरियल त्यांची चांगली होती. सरळ बांबू, त्याच्या अंगाने वर गेलेली तांब्याची तार, खाली खिडकीतून आत. लांबच्या बोलण्याला अशी उभी एरियल बरी, कारण ती आपला आवाज क्षितिजाला चिकटून पाठवते. दोष खालीच होता. मी बंगल्यामागे खड्डा घेतला. वर वीतभर माती, खाली नुसता जांभा. पहार मारली की पहारच दुखायची. तरी डेपोचे दोन मजूर घेऊन खोल गेलो, तांब्याची पाटी उभी पुरली, भोवती कोळसा घातला, आणि तारखात्याच्या रिवाजाप्रमाणे मीठ. थोडंथोडकं नाही. डेपोच्या कोठारातलं एक पोतं आत, आणि उरलेलं वर पसरून घागरी घागरी पाणी. मीठ आणि ओल असली की जमीन वीज चांगली घेते. बेळगावात घेते, हुबळीत घेते. एरियलमध्ये किती वीज जाते ते दाखवणाऱ्या मीटरचा काटा थोडा वर सरकला. तेवढ्यावर मी चहा मागितला.

सकाळी उठलो ते कुंपणापाशी कुणाच्या तरी खोकण्याने. शेजारच्या शेताचा धनी, बुधो गावकर, काठीवर हनुवटी टेकून उभा होता. अंगात बंडी, तोंडात पान.

"तारवाल्या," तो म्हणाला, "पाव्हणं येऊन गेलं."

खड्ड्याच्या जागी तलाव झाला होता. गव्यांच्या खुरांनी सगळं उकरून काढलेलं. बांबू मोडून कुंपणावर आडवा. त्या रानात मिठाला जनावर किती हपापलेलं असतं ते तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मिठाचं मडकं कुणी रात्री ओसरीवरही ठेवत नाही. मी मात्र अख्खं पोतं जेवायला वाढून, वर पाणी ठेवून, आत जाऊन झोपलो होतो. तांब्याची पाटी इतकी स्वच्छ चाटलेली होती की दुकानात नवी म्हणून विकता आली असती.

बुधोने ही बातमी दुपारपर्यंत अणशीच्या वाटेवरच्या गाड्यांपर्यंत पोचवली. माझं नाव 'गव्यांचा सोयरा' पडलं. डेपोतला कारकून येऊन गंभीरपणे विचारून गेला की आज रात्री पंगत किती वाजता.

मी हट्टी. पुन्हा खड्डा भरला, नवा बांबू उभा केला, या वेळी मीठ न घालता नुसतं पाणी ओतत राहिलो. जांभ्याला कितीही पाजा, तो तहानलेलाच. काटा होता तिथेच. दुसरीकडे खड्डा घेतला. तिथेही तेच. दिवाळी उंबऱ्यावर आली होती आणि बंगल्यामागचं आवार घुशींनी पोखरल्यासारखं दिसत होतं.

संध्याकाळी मी मीटरसमोर बसलो होतो. वहिनी चकल्यांचं ताट ठेवून तिथेच उभ्या राहिल्या.

"खरं सांगा," त्या म्हणाल्या. "होणार नसेल तर आत्ता सांगा."

मी काहीतरी तांत्रिक बोलू लागलो. त्यांनी हात वर केला.

"होणार नसेल तर मी त्या दिवशी कीला हात लावणार नाही. नुसतं ऐकत बसेन. मी बोलतेय आणि तो 'काही ऐकू येत नाही' म्हणतोय, हे शेवटच्या दिवशी नको मला."

मी हातातली चकली ताटात परत ठेवली. एवढा वेळ मी एका पाटीशी कुस्ती खेळत होतो. त्या पाटीच्या पलीकडे कोण बसलंय, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"सदू नक्की काय म्हणाला, ते पुन्हा सांगा," मी म्हणालो. स्वतःचा आवाज मला फार बारीक वाटला.

त्यांनी शब्दन् शब्द सांगितला. एरियलच्या बुडापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या तारा सगळीकडे पसरायच्या. एरियल जेवढी उंच, तेवढीच प्रत्येक तार लांब. पुरायची गरज नाही, जमिनीवर टाकल्या तरी चालतात. जितक्या जास्त तितकं बरं. सगळ्यांची आतली टोकं एकत्र बांधून यंत्राच्या अर्थला.

ऐकताना मला कळत गेलं आणि कान गरम होत गेले. तारखात्याच्या अर्थला एक पाटी पुरते, कारण तिथे वीज सावकाश चालते. वायरलेसचं तसं नाही. उभ्या तारेतून वर गेलेली वीज आजूबाजूच्या जमिनीत उतरते आणि तिला परत बुडापाशी यायचं असतं. पागोळ्यांसारखं समजा. छपराचं पाणी चारी बाजूंनी गळतं. खाली पन्हळ लावली तर ते घंगाळात येतं, नाहीतर जमीन पिऊन टाकते. मी घंगाळ मोठं मोठं करत बसलो होतो. पन्हळ एकही नव्हती. म्हणून वहिनींचं बोलणं दाराबाहेर पडायच्या आत जांभा पिऊन टाकत होता. ऐकायला मात्र काही अडचण नव्हती. सदूकडे रेल्वेच्या विजेवर चालणारं दांडगं यंत्र, वहिनींकडे बॅटरीवरचं. वायरलेसमध्ये ऐकणं स्वस्त असतं, बोलणं महाग.

एरियल जेमतेम साडेअकरा हात होती, त्यामुळे तारा फार लांब लागणार नव्हत्या. तांबं पुरेसं नव्हतं, म्हणून बांबूचे भारे बांधायची डेपोतली जस्ताची तार घेतली. जागेची मात्र पंचाईत होती. एका बाजूला बंगला, दोन्ही अंगांना सागाचे ओंडके. मोकळी जागा एकच, कुंपणापलीकडचं बुधोचं कापणी झालेलं भातशेत. ते ओलही धरून होतं.

बुधोकडे जायला मला लाज वाटत होती. तरी गेलो. तो खळ्यावर भात झोडत होता.

"शेत हवंय," मी म्हणालो. "दोन-चार दिवस. तारा अंथरायच्यात."

"आता काय, गव्यांस्नी अंथरूण?"

खळ्यावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी त्याला पन्हळीचं उदाहरण देऊन सगळं सांगितलं. त्याने लक्षपूर्वक ऐकलं.

"म्हंजे बाईचं बोलणं वर जायाचं हाय, आन् तू तारा खाली टाकणार."

"व्हय."

"आन् आजवर जे केलंस ते सगळं वाया."

"व्हय."

"मीठबी."

"मीठबी," मी कबूल केलं.

त्याला बरं वाटलेलं दिसलं. पण त्याने एक अट घातली. त्याची गुरं दिवेलागणीला त्याच शेतातून घरी येतात. वाट त्यांची आहे. "त्यास्नी मी काय सांगू? आज बाईचा भाऊ बोलणार हाय, वाकडं जावा? भाऊबीजेच्या सांजंला तू सोता शेतात हुबं ऱ्हायचं आन् गुरं पार करून द्याची. तुझी तार माझ्या गायीच्या पायात आली तर तुला गाडीला जुपीन."

मी मान हलवली. गुरं यायची वेळ आणि सदूच्या हाकेची वेळ एकच आहे, हे माझ्या ध्यानात आलं, पण बुधोपुढे आणखी काही मागायची माझी हिंमत नव्हती.

आम्ही तारा पसरल्या. आवारात काही, कुंपणातून शेतात काही. बांबूच्या खुंट्यांनी त्या जमिनीला टाचल्या. एकेक तार जोडली की मी खिडकीतून ओरडून विचारायचो आणि आतून गोविंदराव काटा सांगायचे. पहिल्या दोन तारांनी विशेष काही नाही. मग काटा उठायला लागला. खड्डे खणून जो काटा हलला नव्हता, तो गवतावर टाकलेल्या भारे बांधायच्या तारेने चढत होता. शेवटच्या तारेला आतून गोविंदरावांचा आवाज आला नाही. वहिनींचा आला. "पुरे," त्या म्हणाल्या. "आता बघवत नाही."

भाऊबीजेच्या संध्याकाळी त्या नवं लुगडं नेसून यंत्रापुढे बसल्या. शेजारी निरांजन, सुपारी, कुंकू. ओवाळायला समोर एक लाकडी खोकं आणि त्यावर डायल. मी शेतात, हातात काठी.

उजेड मंदावला आणि गुरांच्या घंटा ऐकू आल्या. बुधो मागून हाकत होता. पुढची गाय, शिंगांना झेंडूची माळ, तारेपाशी आली आणि थबकली. तिने तार हुंगली आणि पाय पुढे टाकायला नकार दिला. मागची तिच्यावर आदळू लागली. त्यांच्या वाटेत दोन तारा होत्या. बुधोने एकीचं टोक उपटून बेचक्याच्या काठीने वर उचललं. दुसरीचं मी उपटलं आणि काही विचार न करता उघड्या हाताने डोक्यावर धरलं, गुरं खालून जावीत म्हणून.

त्याच क्षणी बोटाला चावा बसला.

धंद्यातली आणखी एक गोष्ट सांगतो. अशा तारेच्या उचललेल्या टोकाला विजेचा दाब सगळ्यात जास्त असतो, आणि तो फक्त की दाबलेली असतानाच. आत वहिनी बोलत होत्या. छोटा चावा, मोठा चावा, छोटा, छोटा. मी तारखात्यातला माणूस. बोटाने वाचलं.

सदू. सदू. मी अक्का.

मग तार शांत. तारेखालून गाय गेली, वासरू गेलं. पोचलं नसेल तर त्या पुन्हा हाक मारतील. हाकच पुन्हा आली तर माझे सगळे दिवस फुकट.

चावा आला. हाक नव्हती. होय मीच, होय, होय, आणि पुढे इतक्या घाईत की अक्षरं एकमेकांवर पडत होती.

"हातानं काय धरतोस?" बुधो म्हणाला. "काठी घे की रं."

"असू दे," मी म्हणालो.

काठीला काही कळत नसतं. माझी बोटं भाजत होती, पण मी सोडलं नाही. ओवाळलं असं समज. मग शांत. मग, स्वयंपाक कोण करतं. शांत. ताक रात्री पिऊ नकोस, खोकला होतो. शांत. मधल्या प्रत्येक शांततेत मोंबासा बोलत होतं, पण ते आत, त्यांच्या कानात. माझ्यापर्यंत यायचं ते फक्त इकडून तिकडे जाणारं.

मग सावकाश, एकेक अक्षर नीट करून, वडिलांनी पाटावर शिकवलं असेल तसं, आलं: परत कधी येशील.

तार शांत झाली. बरीच गुरं गेली. एक म्हैस मध्येच उभी राहून रवंथ करू लागली, तिला बुधोने ढकललं. तार शांतच. मला वाटलं, बॅटरी संपली. मला वाटलं, माझाच हात बधिर झाला. शेवटची गाय पार झाली आणि बुधो काठी खाली ठेवून म्हणाला, "झालं, सोड आता." मी सोडलं नाही.

बऱ्याच वेळाने आलं: बरं.

आणि थोडं थांबून पुन्हा: बरं.

त्यानंतर निरोपाची खूण, आणि मग काही नाही.

मी आत गेलो तेव्हा गोविंदराव आनंदाने येरझाऱ्या घालत होते. पहिल्या हाकेला पोचलं, ते म्हणत होते, अगदी पहिल्या हाकेला, शेजारच्या खोलीत बसल्यासारखं. त्यांना मोर्स अर्धवटच येत असे, त्यामुळे नुसतं पोचलं यावर ते पूर्ण खूश होते. वहिनी निरांजनात तूप घालत होत्या. त्यांनी मला फराळाचं ताट दिलं. माझ्या बोटांवर पांढरे डाग पडले होते, ते त्यांनी पाहिले.

"हे काय?"

"दावं काचलं," मी म्हणालो. "गाय ओढाळ होती."

त्यांनी खोबरेल आणून दिलं. "सदू खुशाल आहे," त्या म्हणाल्या. "सांगत होता, अक्का, तुझा हात अजून तसाच आहे, बाबांसारखा."

मी पुढे काही विचारलं नाही. विचारायचं म्हणजे मी काय ऐकलं ते सांगावं लागलं असतं.

चार दिवसांनी बुधोला शेत नांगरायचं होतं. तारा गुंडाळून डेपोत परत गेल्या आणि बांबूच्या भाऱ्यांना बांधून कुठे कुठे गेल्या, देव जाणे. पुढे युद्ध सुरू झालं, हौशी लोकांचे परवाने रद्द झाले, यंत्रं सरकारजमा झाली. मला कुळगीला पुन्हा जायचं काही काम पडलं नाही. सदू परत आला की नाही, मला माहीत नाही. त्याने त्या लांबलचक शांततेत काय सांगितलं असेल, याची मी अनेक उत्तरं करून पाहिली आहेत. प्रत्येकाला शेवटी 'बरं' म्हणता येतं. त्यामुळे कुठलं खरं ते ठरत नाही.

तेव्हापासून मी कुठेही उभी एरियल लावली की आधी जमिनीवर तारा अंथरतो आणि मग बांबू उभा करतो. गिऱ्हाईक म्हणतं, एवढा खर्च खाली कशाला, वर करा. त्यांना मी सांगतो की खालचं काम चोख असेल तर बोललेलं पोचतं. उत्तर काय येईल, ते मात्र माझ्या कामात बसत नाही.